आईनं बांधून दिलेलं लोह

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेली डॉक्टर मंडळी, आज ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आमच्या सिस्टर, दवाखान्यातले सगळे कर्मचारी, आणि कडेवर, मांडीवर, खुर्च्यांखाली पसरलेली समस्त बाळगोपाळ मंडळी, सर्वांना माझा नमस्कार.

सूत्रसंचालकांनी माझी ओळख ‘पालक प्रतिनिधी’ अशी करून दिली. मी पालक नाही, आजी आहे. धंद्यानं शिंपीण. टाके सरळ घालते, बोलणं मात्र जरा तिरकं जातं, तेवढं सांभाळून घ्या.

माझ्या आधीच्या वक्त्यांनी सिस्टरांच्या हसतमुख स्वभावाचं फार कौतुक केलं. हसतमुख? अहो, आम्हाला तर त्या रागावलेल्याच आठवतात! बाळाला डाळीचं वरचं पाणी पाजणाऱ्या किती आयांना त्यांनी झापलंय! “डाळ तुम्ही खाता आणि पाणी लेकराला होय? खालची घट्ट डाळ कुस्करून द्या, वर लिंबू पिळा, म्हणजे त्यातलं लोह अंगी लागेल.” आणि मूल समोर आलं, की नाव विचारायच्या आधी अंगठ्यानं त्याची खालची पापणी ओढून बघणार. लाल दिसली की जा म्हणायचं, फिकी दिसली की बस म्हणायचं. रस्त्यात भेटल्या तरी तेच. इथं पापणी ओढून न घेतलेलं एक तरी मूल आहे का? असेल तर त्यानं हात वर करावा.

बघा, एकही नाही.

तर मला आज एकच गोष्ट सांगायची आहे. आमच्या जावयांना विचारून सांगते आहे. ते तिसऱ्या रांगेत बसलेत, मान खाली घालून.

माझी एकुलती एक लेक बाळंतपणात गेली. बाळ वाचलं. याहून जास्त मला त्याबद्दल आजही बोलता येत नाही. पोटुशी असताना तिनं हौसेनं एक पिवळं झबलं शिवलं होतं. शिंपिणीची लेक, आणि टाके हे असे वाकडेतिकडे. मी तिला हसले होते. म्हणाले, “अगं, हे बाळाला घालणार की बुजगावण्याला?” तिच्याबरोबर शेवटचं पोटभर हसले ते त्या झबल्यावरून.

बाळाला सहा महिने झाले तेव्हा जावई आणि मी नातीला घेऊन इथं आलो. सिस्टरांनी नेहमीप्रमाणे समजावलं. म्हणाल्या, मूल पोटात असतानाच आई त्याला लोहाची शिदोरी बांधून देते, ती साधारण सहा महिने पुरते. दुधात लोह अगदी थोडं. तेव्हा आता डाळ, अंडं, पालेभाजी, सगळं मऊ करून भरवायला लागा.

सिस्टर रोज कितीतरी जणांना हेच सांगत असणार. पण आमच्या जावयांनी त्यातलं एवढंच ऐकलं, की आईनं दिलेलं आता संपत आलं.

घरी आल्यापासून मी रोज सकाळी मसूर शिजवायची, कुस्करायची, वाटी झाकून ठेवायची आणि दुकानात जायची. परत यावं तर वाटी चाटूनपुसून साफ. मी आपली खूश. पण पोर दिवसेंदिवस पांढरीफटक. रांगायच्या वयात नुसती पडून राहायची, आणि उचलून घेतलं की भिंतीचे पोपडे चाटायला बघायची. उलट जावयांनी मात्र चांगलं बाळसं धरलेलं! हसा, हसा. मलाही तेव्हा कोडंच पडलं होतं.

एकदा मापाचा टेप घरी विसरला म्हणून मी अर्ध्या वाटेवरून परत आले. बघते तर जावई स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेले, पोरीला मांडीवर दुधाची बाटली लावलेली, आणि तिची डाळ स्वतः खाताहेत. त्या एवढ्याशा चमच्यानं. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

पोरीला उचललं आणि तिघं तडक इथं आलो.

सिस्टरांनी पापणी ओढली. आत कागदासारखं पांढरं. आता झापणार, असं वाटलं. आणि झापायलाच हवं होतं. पण जावईच म्हणाले, “सिस्टर, हिच्या अंगात तिचं तेवढंच उरलंय हो. त्यात मी बाहेरचं कसं मिसळू? मिसळलं की तिचं काय राहिलं?”

मंडळी, खोटं कशाला बोलू? ते ऐकलं आणि माझंही काळीज म्हणालं, बरोबर आहे याचं. नका मिसळू. माझी लेक आहे ती.

सिस्टर म्हणाल्या, “अहो, लोह म्हणजे काय दूध आहे, प्यालं की संपलं? अंग लोह टाकून देत नाही. जुनं रक्त मोडतं, त्यातलं लोह काढून घेतं, त्याचंच नवं रक्त करतं. हिच्या आईनं दिलेलं आहे तिथंच आहे. लेकरू वाढलं, म्हणून पुरेनासं झालंय.” पोरीच्या अंगात तेच पिवळं झबलं होतं. आखूड झालं म्हणून मी त्याला खाली निळी पट्टी जोडली होती. सिस्टरांनी त्या पट्टीवर बोट ठेवलं. “ही जोडली म्हणून हे झबलं आईचं राहिलं नाही का?”



डॉक्टरांनी लोहाचे थेंब लिहून दिले. सिस्टरांनी स्वतःचा डबा उघडून त्यातली घट्ट डाळ कुस्करली आणि चमचा जावयांच्या हातात दिला. पहिला घास पोरीनं त्यांच्या शर्टावर थुंकला. दुसरा गिळला. तो गिळला आणि आमचे जावई ओक्साबोक्शी रडायला लागले. बायको गेली तेव्हाही असे रडले नव्हते. सिस्टर म्हणाल्या, “रडा, पण चमचा सरळ धरा.”

तेवढंच रागावल्या.

सिस्टर, उद्यापासून त्या टेबलाशी दुसरं कुणीतरी बसेल. तेही चांगलंच असेल, माझी तक्रार नाही. पण माझ्या लेकीचं काय उरलंय, हे आम्हाला तुम्ही सांगितलंत. देवापुढे हात जोडून बसले होते, तिथून मला हे उत्तर मिळालं नव्हतं.

आयोजकांनी मला बोलू दिलं, तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मनापासून आभारी आहे. म्हातारीच्या बोलण्यात कुठं टाका चुकला असेल तर उसवून टाका, मनात ठेवू नका.

आता आमची पिटुकली तुम्हाला फुलं द्यायला वर येते आहे. दुसरीत गेली, पुढचे दोन दात पडलेत. सिस्टर, तुम्ही सवयीनं तिची पापणी ओढालच. ओढा. नीट बघा. आणि मला इथं, सगळ्यांसमोर, एकदा मोठ्यानं सांगा की लाल आहे. त्यातलं थोडं माझ्या लेकीचं आहे.