बुढा तलावावरचा इंटरवल

रायपूर राजधानी झालं, तुमच्या भाऊजींच्या ऑफिसात बसून करायचं काम वाढलं, अन् त्याच्यासोबत शुगरही वाढली. डॉक्टर म्हणाले, "शरीर में अंदर-अंदर सूजन भी है. खूब तेज चलिए, फिर इंटरवल, फिर तेज. नहीं तो इन्सुलिन." हे म्हणाले, "हव."

रोज सकाळी बुढा तलावावर हे असे सुसाट सुटत, का लोक बाजूले होत. तरी शुगर हलेना. मले शंका आली. एक दिवस मागंमागं गेले, तं साहेब ठेल्यावर, हातात गरम समोसा!

"अहो, हे काय करून राहिले?"

"काहून? इंटरवल आहे ना!"

"इंटरवलमध्ये दम घ्यायचा असते! हे काय टॉकीज आहे?"

तेव्हापासून मीही सोबत जाते, अन् इंटरवलभर त्यांचा हात धरून ठेवते.

परवा रिपोर्ट आला. शुगर खाली, आतली सूजही कमी. डॉक्टर खुश. "बहुत बढ़िया! इन्सुलिन अभी रहने देते हैं. अब इंटरवल थोड़ा छोटा करें?"

हे माझ्याकडं पाहून म्हणाले, "पूरा काट दीजिए, साहब. अब उसमें मिलता क्या है!"