जाड एक, बारीक एक

रक्त घेण्याच्या खोलीबाहेर नऊ खुर्च्या होत्या. माझ्याखेरीज दोघीच होत्या, थोरली जाड बहीण आणि धाकटी बारीक.

“ताई, मायक्रोआरएनएवरून नक्की काय कळणार गं?”

“रक्तातले बारीक रेणू असतात ते. कुठलं जनुक किती चालू द्यायचं ते ठरवतात. एक जाड, एक बारीक अशा बहिणींच्या जोड्या घेऊन जाड माणसांत त्यांचं प्रमाण वेगळं निघतं का, ते बघतायत. निदान कळेल तरी, मी चोरून खात नव्हते.”

“आई हवी होती ऐकायला.”

“तुझं बरंय. तुला मेलीला खाल्लेलं अंगी लागतच नाही.”

“हो ना.”

“फक्त त्यांची अट आहे, तीन महिन्यांत वजन दोन किलोंपेक्षा जास्त हललेलं नको. एकीचं जरी हललं तरी जोडी बाद.”

“माहितेय.”

“मग एवढ्या उकाड्यात स्वेटर कशाला? आणि पोटाशी हे काय लागतंय?”

“काही नाही.”

“वाळूच्या पिशव्या? अगं, किती उतरलंय तुझं?”

“तू आधी रक्त देऊन घे, ताई. मग डॉक्टरकडे जाऊ.”

“कधीपासून?”

“सांगितलं असतं तर तुझी जोडी मोडली असती.”

थोरलीने गाठी सोडल्या आणि दोन्ही पिशव्या रिकाम्या खुर्चीवर ठेवल्या. आतून हाक आली. धाकटी काट्यावर चढली.

“मागच्या वेळी बावन्न,” नर्सने वाचलं. “आज पंचेचाळीस किलो चारशे ग्रॅम.”