चाळीस टक्क्यांना निरोप

आदरणीय अध्यक्षा, आपल्या युवागृहाच्या संचालिका मादाम मोंजिया कम्मून. व्यासपीठावर बसलेले, बेय्याला संगणकाची बाराखडी शिकवणारे लमजद अय्यादी सर. पहिल्या रांगेत बसलेल्या बेय्याच्या आई शादलिया, आपल्या सगळ्यांच्या ‘खालती’, म्हणजे मावशी. माझ्या खेळघरात रोज संध्याकाळ काढणारी मंडळी. आणि नुसत्या मक्रूद मिठाईच्या वासाने आत आलेले सज्जनहो, आपणा सर्वांना सलाम.

माझ्या डोक्यावर जो फलक आहे, ‘बेय्या मेझघानीला जर्मनीच्या प्रवासासाठी शुभेच्छा’, तो मीच रंगवून घेतला होता. भाषण संपलं की मीच तो उतरवणार आहे. का, ते सांगायलाच उभा आहे. मला धक्का बसला त्याला आज नऊ दिवस झाले, आणि खरं सांगतो, तो अजून ओसरलेला नाही.

ज्यांना या विषयातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी, म्हणजे माझ्या बायकोसाठी, थोडक्यात सांगतो. माझ्या खेळघरात सोळा जुनी यंत्रं आहेत. विंडोज त्यांना झेपत नाही, म्हणून त्यांच्यावर लिनक्स आहे. पण पोरांना हवे असलेले खेळ विंडोजसाठी केलेले. मग दोघांच्या मध्ये एक दुभाषा बसवावा लागतो. खेळ म्हणतो, इथे सावली काढ. दुभाषा ते लिनक्सच्या भाषेत सांगतो. सोयरीक जुळवणारी बाई दोन घरांत निरोप नेते ना, तसंच. निरोप पोचतो, पण वेळ जातो. पडद्यावर गाडी वळते आणि चित्र अडखळतं.

बेय्याने या दुभाष्याच्या कामात एक दुरुस्ती केली. दोन वर्षं, कॉलेजचा अभ्यास सांभाळून. आणि ती खरी किती उपयोगाची, हे मोजायचं काम कुणी अंगावर घेतलं? या नौफल जरीबीने. आपण या स्फाक्स शहराची माणसं, काम हातात घेतलं की जीव ओतणार. सोळा यंत्रं, सात दिवस, एकशे बारा वेळा मोजलं. दर वेळी यंत्र आधी पुसून कोरं करायचं, मग शर्यतीचा खेळ जुन्या पद्धतीने चालवायचा, लगेच नव्या पद्धतीने चालवायचा. जुन्यात सेकंदाला तीस चित्रं, नव्यात बेचाळीस. चाळीस टक्के वाढ. मी तो आकडा खेळघराच्या काचेवर लिहिला. न्हाव्याला सांगितला, मासळीवाल्याला सांगितला. बेय्याने त्यावर अहवाल लिहिला, तो जर्मनीतल्या एका कंपनीने वाचला आणि तिला नोकरी देऊ केली. याच कामाची, विंडोजचे खेळ लिनक्सवर वेगाने पळवण्याची. इथपर्यंत तुम्हाला सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मी कुणाला सोडलेलंच नाही.

नऊ दिवसांपूर्वी माझ्या नऊ नंबरच्या यंत्राची डिस्क गेली. नवी, कोरी घातली. त्याच वेळी रेडिओवरची एक बाई येणार होती, तिला चमत्कार दाखवायचा होता. घाईत मी नवी पद्धत आधी चालवली. एकतीस चित्रं. मला वाटलं, यंत्रच बिघडलं. मग जुनी चालवली, तर एकेचाळीस.

जुनी जिंकली होती. मी खुर्चीत बसलो तो उठलोच नाही. रेडिओची बाई आली, चहा पिऊन गेली, मी तिच्याशी काय बोललो ते मला आजही आठवत नाही.

कारण काय असेल? लमजद सर, तुम्ही मान हलवताय, तुम्हाला कळलं. पाणी घ्या सर. दुभाषा पहिल्या खेपेला शब्द न् शब्द नव्याने लावतो, आणि लावलेलं टिपून ठेवतो. दुसऱ्या खेपेला नुसतं टिपणातून वाचतो. दुसरी खेप वेगवानच असते, मग ती कुणाचीही असो. मी यंत्र पुसायचो एकदाच, दर मोजणीच्या सुरुवातीला. जुनीला कोरी पाटी द्यायचो आणि नवीला भरलेली.

आणि मला हे माहीत नव्हतं, असंही म्हणायची सोय नाही. रोज सकाळी दार उघडायच्या आधी मी सोळाही यंत्रांवर प्रत्येक खेळ एकदा स्वतः चालवून ठेवतो. का? तर पहिल्या खेपेला चित्र अडखळतं आणि पहिलं गिऱ्हाईक शिव्या देतं. बारा वर्षं हे करतोय. यंत्र तापवणं म्हणतो आम्ही त्याला. सकाळी हातांना जे ठाऊक होतं ते दुपारी मोजताना डोक्याला सुचलं नाही. याला काय म्हणायचं? मूर्खपणा म्हणा, मला चालेल. मला वाटतं, तो आकडा मला आवडला होता.

दोन दिवस मी गप्प बसलो. तेही आज कबूल करतो. तिकीट काढलेलं होतं, खालती शादलियांनी तिखट हरिस्सा चटणीच्या बरण्या कपड्यांत गुंडाळून बॅगेत भरल्या होत्या. तिसऱ्या दिवशी मी बेय्याच्या घरी जाऊन तिला सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, “दर वेळी हाच क्रम होता?”

“दर वेळी.”

मग ती माझ्याबरोबर खेळघरात आली आणि दुपारभर दोन्ही क्रमांनी, दर खेपेआधी पाटी कोरी करून आणि भरूनही, तिने पुन्हा मोजलं. तिच्या दुरुस्तीने खरा फरक पडतो तो सेकंदाला एका चित्राचा. एक. मी तिला हात जोडले. म्हटलं, पोरी, आधी कामावर रुजू हो, पाय टेकू दे, मग सांग त्यांना. चूक माझी आहे, कुठे पळून जात नाही. तेव्हा ती जे बोलली ते जसंच्या तसं सांगतो.

“नौफलकाका, माझी दुरुस्ती जगात कुणीतरी आपल्या यंत्रात घालेल आणि वेग वाढत नाही म्हणून स्वतःचंच काहीतरी चुकलं असं समजून रात्रंदिवस शोधत बसेल. त्याचं काय?”

तिने त्याच संध्याकाळी कंपनीला सगळं लिहिलं. अहवालात माझं नाव चूक करणारा म्हणून घातलं नाही. ‘आम्ही क्रम चुकवला’ असं लिहिलं. काल उत्तर आलं. सभ्य पत्र आहे. प्रांजळपणाबद्दल आभार मानलेत, आणि या निकालावर ती जागा देता येणार नाही असं कळवलंय.

होय, मंडळी. बेय्या जात नाही.

मी काल म्हटलं, समारंभ रद्द करू. ती म्हणाली, कशाला? चाळीस टक्के तुम्ही सगळ्या गावाला सांगितलेत, आता दारोदार जाऊन दोन टक्के आणि तीन टक्के समजावत बसणार का? माणसं जमणारच आहेत, एकदम सांगून टाका. म्हणून हा निरोप आहे तो त्या चाळीस टक्क्यांना. काच मी आज सकाळी पुसली. आणि कालच्या त्या पत्रानंतरही खालती शादलियांनी नेहमीसारखी माझ्या घरी कुसकुसची थाळी पाठवली.

अध्यक्षांनी वेळ दिला, सरांनी ऐकून घेतलं, मक्रूद करणाऱ्या बायकांनी भर उन्हात कढई सोडली नाही, त्या सर्वांचा मी ऋणी आहे. आता बोलणारा शेवटी म्हणतो, काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. लग्नात, सुंतेच्या जेवणात, शाळेच्या बक्षीस समारंभात मी हे कित्येकदा म्हटलंय, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्यात, कारण उणं काही झालेलंच नसायचं. आज झालंय. एकशे बारा वेळा झालंय. बेय्या, सहा दिवसांत तू मला एक कडू शब्द बोलली नाहीस, आणि त्याने मला जास्त लागलंय. सगळ्यांसमोर मागतो, मला माफ कर. नाही केलंस तरी माझी तक्रार नाही.

कृपा करून टाळ्या वाजवू नका. तिचं उत्तर मला ऐकू येऊ द्या.