बोटींचं स्टेशन

...नाही रे निवन, ‘कारखान्यातून आला तसा करून देते’ असं मी म्हणालेच नव्हते. मी म्हणाले होते, बघते. बघते आणि करते यात फरक असतो — तुझा बाप लग्न झाल्यापासून तुमच्या मागच्या दारावरची गळकी पन्हळ बघतोच आहे. बस. त्या खुर्चीवर नको, तिचा पाय गेलाय, स्टुलावर बस. आणि तोंड असं पाडू नकोस. आईच्या साठीला तिचाच जुना रेडिओ नवा करून द्यायचा, कल्पना चांगलीच आहे. मी असा चकचकीत करीन की रोना त्यात बघून केस विंचरेल. पण आत काय काय झालंय ते एकदा बघ, मग बोल.

हे बघ — पाठीचा पुठ्ठा काढूनच ठेवलाय. दुरुस्ती ज्याची त्याची ओळखू येते, हस्ताक्षरासारखी. हा ट्रान्सफॉर्मर आहे ना, हा म्हाताऱ्या रिचीनं बसवलेला. ज्याचं हे दुकान होतं, ज्याच्याकडे मी शिकले, तो रिची. मूळचा युद्धाच्या काळात जळला, नवा मिळेना, मग त्यानं कुठल्याशा सिनेमाच्या यंत्रातला काढून यात घातला. म्हणून असा बाहेर आलाय, ढेरपोट्याच्या सदऱ्याचं बटण तुटल्यासारखा. पण सोल्डरचे डाग बघ त्याचे — मोती आहेत मोती! आणि आता इकडे बघ. हे शेण कुणी थापलंय? हं, हस, हस. तुझ्याच बापानं, हेक्टरनं! या काचेच्या व्हॉल्व्हवर झाकण हवं होतं तर कोकोच्या डब्याचं टोपण कापून बसवलंय. काटा फिरवायची दोरी तुटली तर कॉड मासे धरायच्या गळाची दोरी ओवलीय — ती मात्र झकास बसलीय हं, ती मी ठेवणार आहे. आणि वरून हा रंग! अक्रोडाच्या लाकडाला कुणी बोटीचा हिरवा रंग देतं का? बोट रंगवून उरला होता म्हणे. तुझी आई आठवडाभर त्याच्याशी बोलली नव्हती — म्हणजे बोलायची, पण ‘मीठ दे’ एवढंच. तर तो रंग मी खरवडते, जाळीचं कापड नवं घालते, वायरींचं रबर झडलंय त्या सगळ्या बदलते, एक व्हॉल्व्ह मरायला टेकलाय तो बदलते. सगळं करते. फक्त स्टेशनं धरणाऱ्या या तारेच्या कॉईलला हात लावणार नाही.

का म्हणजे? हो, माहितीये मला — काटा ऑकलंडवर ठेवला की इन्व्हरकार्गिल बोलतं. सगळी स्टेशनं सरकलीत. काल तू काय म्हणालास? ‘कुणीतरी अडाण्यानं कॉईलचे वेढे सोडलेत.’ — तो अडाणी मी.

आता जीभ काय चावतोस?

अरे, मुद्दामच सोडले ते. वेढे कमी केले की काटा वरच्या टोकाला गेल्यावर रेडिओची स्टेशनं संपतात आणि त्याच्याही पलीकडचं ऐकू यायला लागतं. पलीकडे काय असतं? सांगू का नको... शपथ घातलीय मला. तुझ्या आईनंच घातलीय, ती परवा धावत आली, पिठाच्या हातांनी, एप्रनसकट — ‘एल्सी, पोरानं रेडिओ नेलाय, तुझ्याकडेच आणेल, त्या कॉईलला हात लावलास तर बघ!’ म्हणून मी तुला कालपासून टोलवते आहे. पण तू काही सोडत नाहीस, अगदी बापावर गेलायस. बरं, ऐक. पण दार लोटून घे.

पलीकडे बोटी असतात. आपल्या बोटी. शेवंडी धरायचे पिंजरे टाकायला गेलेले आपले पुरुष एकमेकांशी बोलतात ना रेडिओवर — कुठे काय मिळालं, वारा कुठून फिरला, कोणाचं इंजिन खोकतंय — ते सगळं. तुझी आई नवी नवी लग्न होऊन आली तेव्हाची गोष्ट. दक्षिणेचा वारा सुटला की ती बंदरावर जाऊन उभी राहायची. नदीच्या तोंडाशी तो वाळूचा दांडा कसा आहे तुला माहितीये, लाट फुटायला लागली की बोट आत घेणं म्हणजे जिवाशी खेळ. तासन्‌तास उभी. घरी आल्यावर हेक्टर उलट तिलाच हसायचा. एकदा अशीच भिजून चिंब होऊन ती दुकानात आली, काउंटरवर हा रेडिओ आपटला आणि म्हणाली, ‘यात मला तो ऐकू येईल असं कर.’ बस. मी रात्र— नाही, रात्र कसली, दुपारीच केलं, उगाच कशाला वाढवून सांगू. वेढे सोडत गेले, ऐकत गेले, सोडत गेले — आणि एकदम तुझ्या बापाचा आवाज! शिव्या देत होता. दोरी बोटीच्या पंख्यात अडकली होती. रोनानं तोंडावर हात धरला आणि रडायला लागली. मला वाटलं, नवऱ्याच्या शिव्या ऐकून रडतेय. तर म्हणते कशी, ‘जिवंत आहे.’

तेव्हापासून तुझ्या बापाला वाटतं की आपल्या बायकोला अंतर्ज्ञान आहे. अरे खरंच! बोट दांड्याच्या आत आली रे आली की हिचं पातेलं चुलीवर. याच्या हाताला गळ लागला तर हा घरात शिरायच्या आधी हिच्या हातात पट्टी. पबमध्ये सांगत सुटला — ‘माझ्या रोनाला सगळं आधी कळतं, तिची आजी स्कॉटलंडच्या बेटावरची, त्यांच्यात असतं ते.’ मग काय, बाकीच्या बायका एकेक करून आल्या. दुसऱ्या बोटीवरच्या टामाची बायको मेरे आली. ही आली, ती आली. कॉईलचे वेढे सोडून सोडून माझी बोटं सुजली. अर्ध्या गावातल्या पुरुषांना वाटायला लागलं की आपल्याला चेटकिणी मिळाल्यात!

हसतोस काय. आता खरी गोष्ट ऐक, मग कॉईल बदलायची की नाही ते तू सांग. तुझ्या बापानं घरात कधी म्हटलंय, ‘रोना, स्ट्यू छान झालाय’? नाही ना? तोंड उघडतं ते घास घालायला. पण बोटीवर! ‘टामा, आज मटणाचा स्ट्यू असणार रे घरी, तसा स्ट्यू अख्ख्या न्यूझीलंडात कोणी करत नाही.’ ‘टामा, रोना आजारी होती तेव्हा मला घर खायला उठलं होतं.’ तू जन्मलास त्या आठवड्यात तर — नको, ते तुझ्या आईचं आहे, मी नाही सांगणार. तुझी आई बटाटे सोलत ते ऐकते, बटाटे सोलत डोळे पुसते, आणि तो घरात आला की म्हणते, ‘बूट बाहेर काढ.’ आता तू तिला नवी कॉईल घालून दे हं वाढदिवसाला. काटा अगदी बरोबर इन्व्हरकार्गिलवर. ऐकेल बिचारी गुरांचे भाव.

अं? मी? मी काय ऐकायचे? कामापुरतं. तपासायला नको का, बरोबर लागलंय की नाही... आमच्या ॲलिकचं काय मध्येच? ॲलिक तेव्हा तुझ्या बापाच्या बोटीवर खलाशी होता, हो. इतका लाजरा की दुकानात बॅटरी घ्यायला यायचा आणि पैसे ठेवून बॅटरी विसरून जायचा. तर एक दिवस — हे बघ, कुठे बोलायचं नाही — एक दिवस मी कुणाचा तरी सेट लावत बसले होते, आणि ॲलिकचा आवाज. टामाला सांगतोय. ‘ती एल्सी आहे ना रेडिओवाली, मला तिच्या हातातली सोल्डरची तार केलं तरी चालेल. वितळून जाईन पण चटका लागला म्हणणार नाही.’ माझ्या हातातलं तापलेलं सोल्डरिंग आयर्न खाली! जमिनीवर अजून डाग आहे, ते बघ, टेबलाच्या पायाशी. आणि मीच एकटी ऐकत होते का? अख्खं गाव! दुसऱ्या दिवशी धडधाकट रेडिओ घेऊन बायका दुकानात — ‘जरा खरखरतोय गं’ — आणि डोळे माझ्या तोंडावर. मग मीच त्याला शनिवारच्या नाचाला विचारलं. त्या दिवशी तो पैसेही विसरला आणि बॅटरीही. त्याला आजही वाटतं, मी होऊन विचारलं, मला काही कल्पना नव्हती. आणि मी त्याला तसंच वाटू देते. संसारात एखादं पान आपल्या हातात राहिलेलं बरं असतं.

थांब, मघाशी चालू केलेला रेडिओ तापलाय बघ. भरतीची वेळ झालीये, दांड्याच्या बाहेरच असतील सगळे. काटा असा — वरच्या टोकाला — अजून थोडा — हां! हेक्टरच की! ऐक आता, ऐक तुझ्या बापाला...

काय म्हणाला?

‘आज मोकळेपणी बोल टामा, आमच्या घरी कोणी ऐकत नाहीये, पोरानं रेडिओ दुरुस्तीला नेलाय’ — असंच म्हणाला ना? मी बरोबर ऐकलं ना? आणि टामा — शू, थांब — ‘तुझी नसेल, माझी ऐकतेय की! मेरे, बटाटे लाव गं उकडायला, आलोच!’... हसतायत. सगळे हसतायत, निवन. तीन-चार बोटी आहेत, सगळ्या.

म्हणजे यांना माहीत होतं. कधीपासून? म्हणजे तो स्ट्यू... तिच्यासाठीच बोलत होता हेक्टर! तोंडावर बोलता येत नाही म्हणून समुद्रावर जाऊन बोलत होता!

आणि मग ॲलिक...

ॲलिकनं ते बोलताना शेजारी हेक्टर उभा असणार, बोट त्याचीच. त्यानंच दिला असेल हातात माईक. ‘बोल, आज ती दुकानात आहे’ — आणि मी इतकी वर्षं... आणि तो, ‘एल्सी, तुला कसं गं सुचलं मला विचारायचं?’ म्हणून दर शनिवारी भोळं तोंड करून—

ऊठ निवन. दुकान बंद. कॉईल आहे तशी राहील, काटा ऑकलंडवर राहील, शुक्रवारी ये. आईला सांगू नकोस की त्याला माहितीये. बापाला सांगू नकोस की... त्याला काय सांगणार, डोंबल! कोणालाच काही सांगू नकोस. माझा कोट कुठे आहे? नाही, रडत नाहीये, सोल्डरचा धूर आहे. ऊठ म्हटलं ना! मला घरी जाऊन एका माणसाला जाब विचारायचाय.