आमी खंयच्या रकान्यातले?

(मालवण. सरकारी कचेरी. टेबलापलीकडे कारकून मितेश. अलीकडे मासे विकणारी आनंदी आणि तिचा दीर सत्यवान, होडीवाला.)

मितेश : मावशी, नोंदणीत गटाच्या वर्गाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही. क्रीडा मंडळ, महिला मंडळ, मच्छीमार संस्था, नाहीतर धार्मिक न्यास. एक निवडा.

आनंदी : आमी दर्यात बुडालेल्यांका सोदतंव. ह्येच्यात ता खंय आसा?

मितेश : नाही. आणि आता आदेश आलाय. यादीत नसलेल्या गटाला शोधासाठी होडी पाण्यात घालता येणार नाही.

सत्यवान : वयनी, क्रीडा मंडळ लिवया गो. पाण्यात पवतंव मा आमी?

आनंदी : पवतत ते सात जण. मेलेल्याच्या आवशीक धरून वाळवेर बसतत ती बायलमाणसां खंय घालू?

सत्यवान : मगे महिला मंडळ.

आनंदी : आणि तू? लुगडा नेसतलंस?

मितेश : मच्छीमार संस्था घ्या ना. सोपं पडेल.

आनंदी : मसुऱ्याचो शिवा काजीवालो. जन्मात जाळा धरूक नाय. गेल्या वर्षी खाडीत बुडी मारून दोन पोरांका त्येनाच भायर काढल्यान. तेका वगळू?

सत्यवान : सायबानू, माझो मेवणो काणकोणात ह्याच काम करता. थंय तेंच्या गटाक क्लब म्हणतत. तेचो दोस्त कारवारचो, तेंका संघ म्हणतत. दर्यो एकच मा?

मितेश : तिथलं तिथे. इथे चारच वर्ग आहेत, आणि ते मी केलेले नाहीत.

आनंदी : मगे ऐका. माणसां कापून तुमचो रकानो मी भरूचंय नाय.

सत्यवान : वयनी, यादीत नाय इलंव तर होडी जप्त करतले!

आनंदी : करांदेत. उद्या कोण बुडालो तर आपण जातलंव. पोलिसांका सांगा, पयला माका धरा.

मितेश : संगणक घेणारच नाही हो.

आनंदी : कागद घेता मा? हाडा पेन.

मितेश : हाताने लिहिलेला अर्ज... घ्यावा लागतो. पण मंजुरीचं मी काही सांगत नाही.

आनंदी : मंजुरी कोणी मागल्यान? पोच द्या.

मितेश : वर्ग काय लिहू?

आनंदी : बुडालेल्यांका घराक हाडणारे.

मितेश : ...लिहिलं. सभासद?

आनंदी : बावीस.

मितेश : पहिलं नाव सांगा.

सत्यवान : संचिता लिवा. तिचो घोव आमका अजून गावलो नाय.