बिनमुठीचा कॉक

— नाही हो मिस्त्री, गार खोलीचं नंतर बघा, आधी ही गरम खोली गार करून द्या! हसताय काय? सगळं जेचॉन गाव जमीन तापत नाही म्हणून तुमच्या नावानं रडतंय आणि ही म्हातारी उलटंच मागतेय, असंच ना? बूट काढा, या आत. ओट्याखाली बघा — तो पितळी दांडा, तिथूनच एकेका खोलीच्या जमिनीखाली गरम पाणी जातं, तुम्हाला मी काय शिकवू म्हणा. शेवटच्या कॉकला मूठ नाही. कुठे गेली? आमच्या ह्यांनी उपटून लपवली! मी गॅस वाचवायला कॉक कमी करायची ना, म्हणून. ह्यांच्या खोलीत पाऊल ठेवलं की तवा — सगळं पाणी तिकडेच ओढलं जातं आणि पलीकडच्या खोलीच्या नळीत हवा धरते, तिथली जमीन बर्फ. आज मी ह्यांचे सगळे खिसे उलटे केले. नाही सापडली मूठ.

बॉयलरच बंद करू? वा, शहाणे आहात! अशा थंडीत नळ्या फुटल्या म्हणजे? आणि पलीकडची खोली तापायलाच हवी, आज तिथे गीहो झोपणार. माझा मुलगा. सोलहून निघालाय, संध्याकाळच्या बसनं येईल. किती वर्षांनी! — अहो, तिकडे कुठे? दार नका उघडू, झोपलेत ते, जमीन किती तापलीय ते मी सांगते ना —

बघितलंत. बरं झालं, माझं एक ओझं उतरलं. हो, चादर तोंडावरून ओढलीय ती मीच. पहाटे गेले. आता कळलं ना, गार का हवीय? मेलेल्या माणसाच्या खोलीखाली चूल पेटवत नाहीत, तुमच्या आजीनंही सांगितलं असेल की. खिडक्या सताड उघड्या टाकल्यात मी, पण खालून शेगडी धगधगतेय, काय उपयोग? संध्याकाळपर्यंत चेहरा चेहऱ्यासारखा राहायला हवा हो. — फोन? इस्पितळाची गाडी आली की तळघरातल्या बर्फाच्या कप्प्यात सरकवतील आणि वर फुलांमध्ये फोटो. गीहो फोटोसमोर दोनदा वाकेल आणि परतीची बस पकडेल. उचलून गार खोलीत? नको. त्याला बाप बापाच्या जागेवर दिसायला हवा.

त्या अंथरुणाखाली डाग आहे. रश्श्याचा. गीहोनं मुलगी आणली होती घरी दाखवायला, नवऱ्यापासून वेगळी झालेली, पदरी लेक — मी सकाळपासून रांधत होते — तिनं चमचा उचलला आणि ह्यांनी मांडलेलं जेवणाचं बुटकं मेज उलथून टाकलं. अख्खं. तिच्या मांडीवर. गीहो तिचे पाय पुसत होता आणि हे म्हणत होते, घाण तिथेच राहू दे. त्यानंतर तो आलाच नाही. आणि हे त्याच डागावर गादी घालून झोपायचे. लाजेनं? छे! तिथे जमीन सगळ्यात जास्त तापते म्हणून.

नाही येणार म्हणत होता फोनवर. मग मी म्हटलं — बाबा तुझं नाव घेतायत रे, चुकलं म्हणतायत. मग रडला, एवढा मोठा घोडा. तेव्हा हे तिथे ताठ झालेले होते, मिस्त्री, आणि मी ह्यांच्याकडे बघत बघत बोलत होते. आला की सांगेन, दुपारी गेले, तुझी वाट बघत बघत. त्याला तेवढं तरी मिळू दे. आणि मलाही.

काय? खरंच काय म्हणाले? काय म्हणणार! मी पाण्याचा तांब्या घेऊन आत गेले, तर म्हणाले — दार लाव, गारठा येतोय. बस्स. गीहो नाही, गीहोची आई नाही.

फिरला? पकडीनं? जोर लावा — हां, हां. थांबा, मी हात लावून बघते. जमीन अजून तापलेलीच आहे, पण निवेल. आता पलीकडच्या नळीतली हवा काढा आणि निघा. जवाचा चहा नाही विचारत, रागावू नका. गल्लीत कुणी विचारलं तर म्हातारीची जमीन तापत नव्हती म्हणायचं, कळलं? — झालं? निघा मग.

अहो, ह्यांच्या खोलीचं दार ओढू नका. असू दे उघडं. येऊ दे गारठा.