सीलबंद जंगल कॅप्टन

श्रीरंग : पडला म्हणजे? कसा पडला?

विनता : जसे डबे पडतात तसा. वरून खाली.

श्रीरंग : सपाट पडला की कोपऱ्यावर?

विनता : माझ्या पायाच्या अंगठ्यावर.

श्रीरंग : अरे देवा! म्हणजे कोपराच दबला असेल.

विनता : अंगठाही दबला. एकदा विचारून तर पाहा.

श्रीरंग : हो... अंगठा. फार लागलं का?

विनता : निळा पडून राहिला. जाळी काढून राहिली होती मी त्या कपाटावरची. उन्हानं डब्यांचा रंग उडतो म्हणून तुम्ही पडदे उघडू देत नाही, अन् अंधारात कोळ्यांनी संसार मांडलेत. झाडूचा धक्का लागला अन् आला तुमचा जंगल कॅप्टन खाली.

श्रीरंग : जंगल कॅप्टन? विनता, नीट आठव. जंगल कॅप्टनच होता?

विनता : शाळेत शिकवते मी. नाव वाचता येतं मला.

श्रीरंग : अगं, भोपाळचा तो गौरांग त्याच्याचसाठी येऊन राहिलाय! बँकेतून सुटी काढून, रातच्या गाडीनं. जुन्या व्हिडिओ गेमची सीलबंद कॅसेट, तीसुद्धा जंगल कॅप्टनची. हिंदुस्थानात असे दोन-तीन डबे असतील फक्त. सील शाबूत आहे ना?

विनता : फाटलं.

श्रीरंग : किती?

विनता : आतलं बाहेर यायला जितकं लागतं तितकं.

श्रीरंग : कॅसेट बाहेर आली? हात नाही ना लावलास? हाताचं तेल लागलं की...

विनता : कॅसेट नाही आली. हे आलं. घ्या. हातमोजे घालायचे असतील तर घाला.

श्रीरंग : हे काय आहे?

विनता : टाइल. बाथरूमच्या भिंतीला लावतात ती. निळ्या फुलांची. अधारतालला माझ्या काकाकडे अशीच आहे.

श्रीरंग : असं कसं होईल? कंपनीनंच घातली असेल. वजनाला. त्या काळी पॅकिंगमध्ये...

विनता : परदेशातली कंपनी, अन् टाइल गुंडाळली हिंदी पेपरात? हा घ्या पेपर, वाचा. मोबाइल रिचार्जची जाहिरात आहे. डबा तुमच्या शाळेच्या दिवसांतला आहे म्हणत होते ना तुम्ही?

श्रीरंग : ज्यानं विकला त्या कानपूरवाल्यानं फसवलं मला.

विनता : आला तेव्हा एकदा हलवून नव्हता पाहिला?

श्रीरंग : सीलबंद माल हलवत नसतात. हातात धरला होता. जड लागला. मला वाटलं, जुन्या काळचं काम, जड असणारच.

विनता : हो, व्हिडिओत म्हणाले होते तुम्ही. पांढरे हातमोजे घालून. "यह वजन आजकल नहीं मिलता."

श्रीरंग : जुने गेम जमवणाऱ्यांच्या आमच्या सगळ्या ग्रुपनं वाहवा केली होती त्या व्हिडिओची.

विनता : अन् हा विकत घेताना काय काय केलं होतं! माझ्या मावसबहिणीच्या लग्नात मंगलाष्टकं सुरू होती. लोक दोन्ही हातांनी अक्षता टाकून राहिले अन् तुम्ही एका हातानं. दुसऱ्या हातानं मोबाइलवर बोली लावत होते. नवरीच्या आधी तुमच्या डोळ्यांत पाणी.

श्रीरंग : शेवटच्या क्षणाला मिळाला होता तो. कोटाचा एक डॉक्टर मागे लागला होता. त्याचाच होता आधी, कानपूरवाल्याला विकला होता, परत पाहिजे होता त्याला.

विनता : डॉक्टरनं कुठून घेतला होता?

श्रीरंग : हैदराबादहून. दर वेळी भाव चढत गेला.

विनता : अन् उघडला कोणीच नाही.

श्रीरंग : उघडला की भाव जातो.

विनता : म्हणजे ही टाइल सगळा देश पाहून आली. आपण पचमढीला जाऊ जाऊ म्हणता भेडाघाटच्या पुढे गेलो नाही.

श्रीरंग : थांब, फोन आहे त्याचा. हां गौरांग! उतरलास? अच्छा, ऑटोत बसलास? घमापूर आलं? बस, मग आमचं रांझी जवळच आहे. चौकात विचार, फॅक्टरीतल्या अकाउंट्सवाल्या श्रीरंग भैयांचं घर, कोणीही सांगेल. हो, हो. एकदम सुरक्षित आहे. चलो, ये. — विनता, तुझा हेअर ड्रायर कुठे आहे?

विनता : ड्रायर? तुम्हाला? तुमच्या डोक्यावर वाळवायला उरलंय काय?

श्रीरंग : डब्यावरची ही प्लास्टिकची पन्नी गरम केली की बसते पुन्हा घट्ट.

विनता : म्हणजे?

श्रीरंग : म्हणजे काही नाही. विचारून राहिलो फक्त.

विनता : त्या पोराला टाइल विकणार तुम्ही?

श्रीरंग : तो तरी कुठे उघडणार आहे? जन्मात नाही. काचेच्या कपाटात ठेवेल, रोज पाहील, खूश राहील. मी नव्हतो का खूश? आज चहा पिईपर्यंत मी सुखी माणूस होतो. आत टाइल असली काय अन् कॅसेट असली काय, फरक काय पडतो?

विनता : मग ठेवा पन्नी लावून परत वर. पाहा रोज. तुम्हीच खूश राहा.

श्रीरंग : आता नाही जमणार.

विनता : काहून?

श्रीरंग : आता मला माहीत झालं ना.

विनता : अन् त्याला माहीत नाही म्हणून त्याला देऊन टाकायचं. वा! ऑफिसात कोणाच्या बिलात स्पेलिंग चुकलं तरी फाइल परत पाठवता तुम्ही.

श्रीरंग : तुला नाही समजणार. ग्रुपवर माझं नाव आहे. लोक मला दादा म्हणतात.

विनता : समजतं मला. लग्न ठरलं तेव्हा तुम्हीच सांगितलं होतं. सदर बाजारात व्हिडिओ गेमचं दुकान होतं, खेळायला पैसे नसायचे, दुसऱ्यांच्या खांद्यावरून पाहत उभे राहायचे. दुकानवाला हाकलायचा, "देखने का भी लगेगा". मला किती दया आली होती तुमची! आता सगळं दुकान घरात आहे, अन् तुम्ही अजून पाहूनच राहिले.

श्रीरंग : खेळलो तर खराब होतात गं.

विनता : अन् नाही खेळलं तर टाइल होतात.

(दाराची घंटा वाजते. विनता लंगडत जाऊन दार उघडते. पाठीवर बॅग, हातात मिठाईचा डबा घेऊन तिशीचा गौरांग आत येतो.)

गौरांग : नमस्ते भाभी... सॉरी, वहिनी. माझा मराठी थोडा असाच आहे. घरी आई बोलते, मी समजून घेतो. दादा! पाया पडू द्या. हे भोपाळहून, मिठाई. चपला इथं ठेवू? मोजे पण काढू का?

विनता : मोजे राहू द्या भैया. कपाटाखाली उभे राहू नका फक्त.

गौरांग : ओहो! पूरी दीवार! दादा, व्हिडिओत तर काहीच दिसत नाही. मी आधी हात धुतो. नंतर पाहतो.

श्रीरंग : बस रे आधी.

गौरांग : कसा बसू दादा? रात्रभर झोप नाही. घरी खोटं बोलून आलो. सांगितलं, जबलपूरला मुलगी पाहायला चाललो. आई इतकी खूश, मिठाई तिनंच दिली.

विनता : ही मिठाई मुलीसाठी आहे?

गौरांग : तुम्ही खा ना वहिनी. आईला सांगतो, मुलगी पसंत नाही आली. पण दादा, खरं सांगतो, दुसऱ्या कोणाचा डबा असता तर मी दहा फोटो मागितले असते. तुमचं म्हणजे विषयच नाही. ग्रुपवर तुम्ही ओरिजिनल म्हणाले की ओरिजिनल.

श्रीरंग : गौरांग, त्याच्यात टाइल आहे.

गौरांग : हां ना, काय टायटल आहे! इतका रेअर टायटल.

श्रीरंग : टायटल नाही रे. टाइल. बाथरूमची. ही बघ.

विनता : पाणी आणू का भैया?

गौरांग : फुलं चांगली आहेत.

श्रीरंग : सकाळी वरून पडला, पन्नी फाटली, आतून ही निघाली. कॅसेट नव्हतीच कधी. अन् ऐक, मी तुला सांगणार नव्हतो. तू ऑटोत होतास तेव्हा मी ड्रायर शोधत होतो.

गौरांग : और किस-किस को पता है?

श्रीरंग : आम्हा दोघांना. आता तुला.

गौरांग : बस? मग ठीक आहे. वहिनी, तो ड्रायर आणता का?

विनता : काय?

गौरांग : मी नेतो ना हा डबा. जे ठरलं तेच देतो. दादा, समजा जरा. त्याच कानपूरवाल्याचे चार डबे आहेत माझ्याकडे. सगळे सीलबंद. ही टाइल बाहेर आली तर माझ्या चारांवर पण शक येईल. आणि माझ्याच काय, अर्ध्या ग्रुपकडे त्याचाच माल आहे. मार्केट बैठ जाएगा.

श्रीरंग : बसू दे. मी लिहून राहिलो ग्रुपवर.

गौरांग : दादा, प्लीज. लोक रोतील.

श्रीरंग : रडू दे. टाइलचा फोटो, पेपरचा फोटो, पन्नीचा फोटो. "मित्रांनो, मी चुकलो. माझ्या शब्दावर जाऊ नका. आपापले डबे उघडून पाहा." गेलं.

विनता : काय म्हणतात?

श्रीरंग : थांब, येऊन राहिलं. कोटाचे डॉक्टर म्हणतात, दादांचं अकाउंट कोणीतरी हॅक केलंय.

गौरांग : हे पाहा, नाशिकवाले. "सील तोडणाऱ्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा?"

श्रीरंग : कानपूरवाल्यानं हात जोडलेत. "दादा जी की तबियत ठीक नहीं है. सब लोग प्रार्थना करें."

विनता : अन् डबे? उघडला कोणी एखादा?

श्रीरंग : एकानंही नाही.

गौरांग : दादा... नवा ग्रुप बनला. मला जोडलं त्यात.

श्रीरंग : नाव काय?

गौरांग : "फक्त सीलबंद." सगळे तिकडं गेले. जुन्यात तुम्ही आणि मी.

श्रीरंग : इतक्या लवकर?

गौरांग : आणि त्यात एकजण विचारतो, दादा टाइल विकतील का? म्हणतो, जंगल कॅप्टनच्या डब्यातून निघालेली ही एकच ओरिजिनल टाइल आहे. पेपरसकट पाहिजे.

विनता : द्या पाठवून. मी बांधून देते.

श्रीरंग : हसू नकोस विनता.

विनता : हसू नको तर काय करू? बरं, नाही हसत. पण या भिंतीवरच्या बाकीच्यांचं काय?

श्रीरंग : तेच पाहून राहिलो. तो वरचा काढ. काळा, चांदीच्या अक्षरांचा. नाइट टँक.

गौरांग : दादा, नाइट टँक नका! नवाकोरा आहे तो. एक ओरखडा नाही.

श्रीरंग : सदरला हाच लागलेला असायचा. कात्री दे.

विनता : नखानं काढा. माणसासारखे.

गौरांग : मी डोळे मिटतो. झालं का? दादा? आवाज आला पन्नीचा. बोला ना काही. टाइल आहे?

श्रीरंग : कॅसेट आहे.

गौरांग : खरी?

श्रीरंग : खरी. माहितीचा कागदही आहे सोबत. वास तर घेऊन बघ!

गौरांग : म्हणजे खरा होता, आणि तुम्ही उघडला. हे राम! आता याची किंमत...

श्रीरंग : गेली. चल, टीव्हीच्या मागची ती तार लाव.

विनता : मशीन तरी चालतं का?

श्रीरंग : कोणास ठाऊक. कधी लावलंच नाही. लागलं का रे? काहीच दिसून नाही राहिलं.

गौरांग : काढून फुंकर मारा दादा. हां. आता लावा.

श्रीरंग : आलं! ऐक, विनता, ऐक. हीच धून.

विनता : ऐकली. आता खेळा. उजवीकडून कोणी येऊन राहिलं. उजवीकडून म्हटलं मी! मेले.

श्रीरंग : मेलो.

विनता : इतक्यात? लहानपणापासून पाहून राहिले ना?

श्रीरंग : पाहणं वेगळं असतं. पुढचा मुलगा खेळायचा तेव्हा सोपं वाटायचं. सरक थोडी, पुन्हा लावतो.

विनता : पुन्हा तुम्हीच? इकडे द्या. कोणतं बटण दाबू?

गौरांग : लाल वहिनी, लाल! तोफ मारा! भिंतीच्या मागे व्हा! वाह! दादा, वहिनींनी पूल पार केला!

श्रीरंग : पूल मी कधी पाहिलाच नव्हता. तिथपर्यंत कोणी पोहोचायचंच नाही. विनता, हळू. थांब ना, पाहू दे जरा. पलीकडे नदी आहे!

विनता : दुसरं बटणांचं यंत्र आहे ना त्या डब्यात? भैयांना द्या. पाहुणे आहेत.

गौरांग : मी? नाही नाही. बरं, एकदाच.

श्रीरंग : एकदाच म्हणता म्हणता दुपार केलीस रे. गाडी किती वाजता तुझी?

गौरांग : निघायलाच पाहिजे. दादा, खरंच मजा आली. फक्त ग्रुपवर सांगू नका, मी खेळलो म्हणून.

श्रीरंग : त्या ग्रुपवर मी नाही आता.

गौरांग : हां. सॉरी.

श्रीरंग : घरी गेलास की आधी तुझे चारही उघड. मनातला किडा तरी जाईल.

गौरांग : एकात तरी असेल ना, कॅसेट?

श्रीरंग : असेल. दोनातही असेल. आमच्याकडे नाही निघाली?

विनता : काय निघालं ते आम्हाला फोन करून सांगा भैया.

गौरांग : नाही वहिनी. मी नाही उघडणार.

विनता : काहून?

गौरांग : आत्ता माझ्याकडे चार आहेत.